चांदी जिभेला कळते

"हलू नकोस. श्वास घे, पण हलू नकोस," डॉ. शिरगुप्पे म्हणाल्या.

तो हलला नाही. हनुवटी यंत्राच्या टेकूवर, कपाळ पट्टीला लावलेलं, आणि उजव्या डोळ्यावर प्रकाशाची उभी चीर. मी शेजारी काचपट्ट्या आणि तीन बशा घेऊन उभी होते.

"मॅडम, बोललेलं चालतंय का?"

"नाही."

"बरं, मग गप्प बसतो."

"हे बोलणंच झालं."

डॉक्टरांनी बोथट पात्यानं त्याच्या बुबुळावरची पांढरी जखम अलगद खरवडली. पात्याच्या टोकावर जे आलं ते डोळ्यांना दिसतसुद्धा नव्हतं. ते त्यांनी माझ्या बशीतल्या लाल थरावर टेकवलं आणि चंद्रकोरीसारखा एक छोटा फराटा ओढला. मग दुसरा, मग तिसरा. डोळ्यातल्या जखमेचा नमुना असाच लावतात. फराट्याच्या रेषेवर उगवेल ते रुग्णाचं. रेषेबाहेर काही उगवलं तर ते हवेतून पडलेलं, ते मोजायचं नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला हेच शिकवलं होतं.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होऊन नुकतीच मिरजेत आले होते. डोळ्यांच्या त्या दवाखान्याची प्रयोगशाळा म्हणजे मागच्या अंगणाकडे उघडणारी एक खोली. मी, एक सूक्ष्मदर्शक, एक उबवणी कपाट आणि एक फ्रिज. फ्रिजवर 'यात डबा ठेवू नये' असं लिहिलेलं होतं, आणि आत डॉक्टरांचं ताक असायचं.

त्याचं नाव सन्मती खोत. हुपरीचा. घरचंच वर्कशॉप, थोरला भाऊ आणि तो चांदीचे पैंजण करायचे. डोळा लाल झाला, दुखायला लागला, मग पांढरा ठिपका आला, तरी तो घरीच थांबला होता. आला तेव्हा बुबुळामागे खालच्या कडेला पू साचून आडवी रेघ तयार झाली होती. ग्लासात तळाला दूध उरावं तशी.

"ही रेघ बघ," डॉक्टर मला म्हणाल्या. "रोज सकाळी ही मोजायची. वर चढली तर आपण हरतोय, खाली आली तर जिंकतोय. बाकीचं सगळं पुस्तकात."

"आणि हरलो तर?" सन्मतीनं विचारलं.

"बुबुळाला भोक पडतं."

त्यानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "पैंजणाची कडी जोडायला दोन डोळे लागतात ओ. एका डोळ्यानं लांबी कळत नाही, चिमटा हवेत मिटतोय."

"म्हणूनच खरं सांग. काय गेलं होतं डोळ्यात?"

"चांदीचा कण. कानस मारताना उडाला."

"मला कणाची खूण दिसत नाही. धातू गेला की खळगा राहतो. इथं सगळं चोळल्यासारखं दिसतंय."

"चोळला असंल की. खाजत होता."

"आणि थेंब कुठले घातलेस?"

"वर्कशॉपात बाटली असत्या. सगळ्यांची. डोळ्यात काही गेलं की एक थेंब टाकायचा. गार वाटतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "सगळ्यांची," त्या म्हणाल्या. "एक थेंब. गार वाटतं." आणि हात धुवायला निघून गेल्या.

---

दुपारी मी काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तुटक्या पेशींच्या गर्दीत जांभळे गोल दिसले, एकमेकांना चिकटून, माळेसारखे. पहिल्यांदाच मी एखाद्या माणसाच्या, ज्याचं नाव आणि आवाज मला माहीत होता अशा माणसाच्या डोळ्यातलं काहीतरी ओळखत होते.

तो अंगणातल्या बाकावर बसला होता, डोळ्यावर हिरवा प्लास्टिकचा कप. माझी खिडकी उघडीच होती.

"मॅडम, सापडला का?"

"बघायचाय?"

परवानगी नव्हती खरं तर. तो आत आला आणि डावा डोळा भिंगाला लावला. बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"जांभळं?"

"जांभळं. माळा दिसतात ना?"

"माळा कसल्या, कड्या आहेत. साखळी केल्या कुणीतरी." डोळा न काढता तो म्हणाला, "काम चांगलंय ओ. सगळ्या कड्या एकसारख्या. आमच्या दादाला दाखवाय पाहिजे, म्हणंल, या पोराला कामाला घेऊया."

मी हसले. तोही हसला, आणि हसताना उजवा डोळा दुखला म्हणून तोंड वाकडं केलं.

"हे राहतात कुठं? चांदीत?"

"नाही. असे साखळीवाले बहुतेक तोंडात असतात. दातांवर, जिभेवर, घशात. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. तिथं काही करत नाहीत."

तो सरळ झाला. "तोंडात?"

"हो. कण काढताना कुणी फुंकर मारली होती? पदराचा बोळा तोंडात धरून शेकलं होतं?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडं कण जिभेनं काढतात."

मला वाटलं, तो गंमत करतोय.

"खरंच. चंपाक्का म्हणून आहे आमच्या गल्लीत. म्हातारी. सगळ्या हुपरीचे कण काढलेत तिनं. तोंड खळखळून धुणार, दोन बोटांनी पापण्या उघडणार, आणि जिभेचं टोक असं फिरवणार. कापसानं टोचतं, पदरानं टोचतं. जिभेनं काहीच होत नाही. कळतच नाही, आलं कधी आणि गेलं कधी."

"तुमच्या डोळ्यात चंपाक्कांनी जीभ घातली?"

"घातली," तो म्हणाला. "त्यात काय एवढं?"

मी हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी ताकाचा ग्लास खाली ठेवला. मिरजेत इतकी वर्षं काढल्यावर त्यांना नवल वाटलं नाही. "ऐकलंय मी," त्या म्हणाल्या. "माझ्या आजीनंसुद्धा काढलाय. पण कुणी कबूल करत नाही दवाखान्यात. तुला बरा बोलला."

का कोण जाणे, ते वाक्य मला दिवसभर आवडत राहिलं.

---

बशीत काहीच उगवलं नाही. तिन्ही फराटे कोरे. फक्त रेषेपासून लांब एक पिवळा ठिपका, हवेतला. त्यावर मी फुली मारली.

"येणारच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळीसुद्धा बाटलीतला थेंब घालून आला होता. जंतू मरण्याइतकं औषध नाही, पण बशीत उगवू नये इतकं आहे. अर्ध्या औषधाचा हाच वैताग. आजार जात नाही आणि पुरावा तेवढा जातो."

बाजारातले नेहमीचे थेंब आणि दवाखान्यात बनवलेले दुसरे, असे दोन्ही तासातासाला चालू होते. रेघ खाली आली नाही. चढली. रोज सकाळी डॉक्टर यंत्रातून बघून काहीच बोलायच्या नाहीत, आणि सन्मती मला विचारायचा, "उगवली का माझी साखळी?"

मी नाही म्हणायचे. मग तो दुसरं काहीतरी बोलायचा. चांदी वितळते तेव्हा आधी गुलाबी दिसते आणि मग अचानक आरशासारखी होते, असलं काहीतरी. किंवा मला चिडवायचा. "मॅडम, तुमच्या पायात काहीच नाही. पैंजण नाही, जोडवी नाही. आमच्या धंद्याचे शत्रू तुम्ही." मी म्हणायचे, प्रयोगशाळेत वाजणारं काही चालत नाही. तो म्हणायचा, "मग न वाजणारं करतो की."

त्या आठवड्यात मी अ‍ॅप्रनला रोज इस्त्री करत होते.

शुक्रवारी डॉक्टर म्हणाल्या, "उद्या अर्धा दिवस सगळे थेंब बंद करून पुन्हा खरवडू. पण उगवून, औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या लावून उत्तर यायला आणखी दोन-तीन दिवस. तेवढा वेळ ही रेघ देईल का, माहीत नाही. ती वर्कशॉपातली बाटली कुणी आणली का? काय औषध होतं ते तरी कळू दे."

कुणीच आणली नव्हती. लग्नसराई होती, भावाला सवड नव्हती. मी म्हटलं, रविवारी मी जाऊन येते.

"तुम्ही कशाला जाताय?" सन्मती पटकन म्हणाला. "मी दादाला पुन्हा फोन करतो."

"मला चांदीचं काम बघायचंय. आणि चंपाक्कांना भेटायचंय. बशीत पुन्हा काही उगवलं नाही, तर त्यांच्या घशातल्या नमुन्यावरून कोणती औषधं उपयोगाची नाहीत ते कळेल."

"तिला कशाला त्रास देताय, मॅडम? म्हातारी माणूस."

मला वाटलं, काळजी माझी आहे. बसचा त्रास, ऊन. मी पिशवीत दोन नमुन्याच्या काड्या टाकल्या आणि निघाले.

---

हुपरीची ती गल्ली कानाला लागली, डोळ्याला नंतर. प्रत्येक दारातून बारीक ठोके. उंबऱ्याउंबऱ्यावर बायका बसलेल्या, मांडीवर परात, परातीत कड्यांचा ढीग, हातात चिमटा. मान वर न करता बोलणं चाललेलं. खोतांचं वर्कशॉप विचारलं तर चार जणींनी एकदम हात केला.

सन्मतीचा भाऊ जिनेंद्र त्याच्यासारखाच दिसत होता, फक्त रुंद. बाटली खिडकीच्या गजाला प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेली होती. टोकाला पिवळी खपली. लेबल झिजून गेलं होतं, तरी औषधाचं नाव वाचता येत होतं. दवाखान्यात तासातासाला घालत होतो तेच. गल्लीतल्या प्रत्येक डोळ्याला त्याची आधीच एकेका थेंबानं ओळख झालेली होती.

"घेऊन जा," जिनेंद्र म्हणाला. "दुसरी आणतो. बिनथेंबाचं आमचं काम होत नाही. सन्या कसा आहे? जेवतोय का?"

"जेवतात. चिडवतातही."

"मग बरा आहे."

"मला चंपाक्कांना भेटायचं होतं."

तो कानस हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला. "त्यांना भेटायला तुम्हाला अजून लई वेळ आहे, मॅडम." मागे काम करणारे दोघं हसले. "दिवाळीच्या आधी गेली की आक्का. का ओ?"

मी म्हटलं, "कण कोण काढतं मग आता?"

"तिची नात. राजमती. ती काय समोर बसल्या."

रस्ता ओलांडला की घर. उंबऱ्यावर तिशीच्या आतबाहेरची एक बाई, गळ्याला ऊबदार फडकं गुंडाळलेलं, भर उन्हाळ्यात. आत तिची आई तांदूळ निवडत होती. भिंतीवर चंपाक्कांचा हार घातलेला फोटो. मी मिरजेच्या दवाखान्यातून आले असं म्हणताच राजमतीच्या हातातला चिमटा थांबला.

"डोळा कसा आहे?" आवाज घोगरा होता. कुणाचा डोळा, हे तिनं विचारलं नाही.

"बरा नाही अजून."

ती उठली, मला पाणी दिलं, आणि आईला म्हणाली, "आये, गिरणीतलं दळण झालं असंल बघ." आई उठून गेली. राजमती दारातच बसली, चिमटा हातात घेऊन. गल्लीला दिसत राहील अशी.

"त्यांनी चंपाक्कांचं नाव सांगितलं," मी म्हटलं.

"सांगणारच. माझं कसं सांगंल?" तिनं एक कडी उचलली, दुसरीत घातली, मिटवली. "मी नवऱ्याकडनं परत आलेली बाई, ताई. तिथं मूल झालं नाही म्हणून. इथं कुणाची म्हैस आटली तरी माझ्याकडं बघतात. त्यात याचा डोळा माझ्या जिभेनं गेला म्हटल्यावर काय होईल?"

तिनं मला ताई म्हटलं होतं. मी तिच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी तरी लहान होते.

"घशाला काय झालंय?"

"हे नेहमीचंच. सुजतो, ताप येतो. मेडिकलमधनं गोळ्या आणते. दोन घेतल्या की उतार पडतो. उरलेल्या ठेवते पुढच्या वेळेला."

"बघू?"

तिनं फळीवरचा डबा काढला. पाकिटंच पाकिटं, प्रत्येकात दोन-तीन घरं फोडलेली आणि बाकीची शाबूत. मी नावं वाचत गेले. एक जात आमच्या बाजारातल्या थेंबांची, दुसरी जात दवाखान्यात बनवलेल्या थेंबांची. ज्या दोन औषधांवर सन्मतीचा डोळा टिकवून धरायचा आमचा प्रयत्न चालला होता, ती दोन्ही हिच्या घशातल्या साखळ्यांनी थोडी थोडी चाखून झाली होती.

मी तिला समजावलं. गोळ्या अर्ध्यावर सोडल्या की कमकुवत असतात ते मरतात, चिवट असतात ते उरतात, आणि पुढच्या वेळी सगळे चिवटच असतात. ती कडी जोडत ऐकत होती.

"म्हणजे माझ्यामुळंच."

"तुमच्या गोळ्यांमुळं. त्यांच्या बाटलीमुळं. आणि डोळ्याला आधी ओरखडा असल्याशिवाय हे आत शिरत नाहीत. कण गेला होता, त्याचा ओरखडा झाला असेल."

तिनं चिमटा परातीत ठेवला.

"कण नव्हता," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"चांदी जिभेला कळते, ताई. आजीनं शिकवलंय मला. चांदी गुळगुळीत लागते आणि लगेच गार. लोखंड खरखरतं. लाकडाची कूस टोचते. त्याच्या डोळ्यात काहीच नसायचं. नुसतं खारट पाणी."

समोरच्या वर्कशॉपातून ठोके येत होते. ती तिकडे बघत नव्हती.

"नसायचं? किती वेळा आले होते ते?"

"दिवाळीनंतर आजीचं काम माझ्याकडं आलं तेव्हापासनं. आधी एकदा, मग पुन्हा. इथंच, या उंबऱ्यावर. आई आत बसलेली, गल्ली येते-जाते. कुणाला काय वाटायचंय? कण काढाय माणूस बसलेलाच असतोय इथं. मी पापणी उघडायची, बघायची, जीभ फिरवायची. आणि म्हणायची, निघाला. तो म्हणायचा, बरं वाटलं. आणि उठून जायचा."

"तुम्ही कधी बोलला नाहीत? कण नाही म्हणून?"

राजमतीनं माझ्याकडे पाहिलं. मी शहरातली, शिकलेली, तिला माझी थोडी कीव आली असावी.

"बोलले असते तर तो पुन्हा आला असता का?"

मी पिशवीतून नमुन्याची काडी काढली. तिनं तोंड उघडलं. दारातून ऊन येत होतं, त्यात मी तिची जीभ पाहिली. साधी, गुलाबी, माणसाची जीभ. त्या जिभेवर काय काय असतं ते मी परीक्षेत लिहिलं होतं. मी घशाच्या कडेला काडी फिरवली आणि नळीत बंद केली.

निघताना म्हटलं, "त्यांना काही सांगू?"

"काही नको." मी चप्पल घातली तेव्हा ती म्हणाली, "एवढंच सांगा. चांदी जिभेला कळते म्हणावं."

बसमध्ये नळी मी दोन्ही हातांत धरून बसले होते. डोळ्यांना ऊन लागत होतं, असं मी शेजारच्या बाईला सांगितलं.

---

सोमवारी सकाळी मी डॉक्टरांना सगळी पाकिटं सांगितली. नाव सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

"मग या दोन थेंबांवर आणखी वेळ घालवण्यात अर्थ नाही," त्या म्हणाल्या. "बशी काय म्हणायची ते म्हणू दे. आपण आत्ताच बदलू." इंजेक्शनची पूड पातळ करून व्हॅन्कोमायसिनचे थेंब बनवायला त्यांनी सांगितलं. ते भयंकर झोंबतात. पहिला थेंब पडला तेव्हा सन्मतीनं बाकाची कड धरली.

डॉक्टर गेल्यावर मी तिथंच उभी राहिले.

"भेटली का चंपाक्का?" त्यानं विचारलं. डोळे मिटलेले होते.

"फोटोत भेटल्या."

त्यानं बाकाची कड पुन्हा धरली. मग हळू म्हणाला, "कुणाला सांगितलं का?"

"औषधांची नावं सांगितली. माणसाचं नाही."

"तिची काही चूक नाही, मॅडम. मीच चोळायचो. लाल दिसाय पाहिजे ना. लाल दिसल्याशिवाय कसं जायचं तिच्या दारात? त्या दिवशी जरा जादाच चोळला." तो हसायचा प्रयत्न करत होता. "हातात कानशीची पूड होती, ती धुवायची राहिली. तिला वाटत असंल, खरंच कण होता."

"त्यांनी निरोप दिलाय."

त्यानं डावा डोळा उघडला.

"चांदी जिभेला कळते, म्हणाल्या."

आधी त्याला समजलंच नाही. मी बघत होते. मग समजलं. त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला एका शब्दात सांगता येत नाही. चांदी वितळताना अचानक आरशासारखी होते असं तोच म्हणाला होता. मी ती कधी पाहिलेली नाही.

"कधीपासनं?" त्यानं विचारलं.

"पहिल्यापासून."

त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, "पुसू नका. औषध वाहून जाईल. तसंच राहू दे," आणि कापूस आणायच्या निमित्तानं खोलीत गेले. उबवणी कपाटाच्या दारावर हात ठेवून उभी राहिले. दार कोमट होतं, आतल्या बशा माणसाच्या अंगाइतक्या उबेत वाढत होत्या.

पुन्हा खरवडलेल्या नमुन्याच्या बशीत त्या सकाळी उगवलं होतं. चंद्रकोरीच्या रेषेवर, अगदी रेषेवरच, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आणि भोवती हिरवट झाक. पुढे चकत्या लावल्या तेव्हा नेहमीच्या दोन औषधांच्या चकत्यांना ते अगदी खेटून वाढले, जणू ती चकती नव्हेच. फक्त एका चकतीभोवती स्वच्छ, गोल, मोकळं वर्तुळ पडलं. आम्ही आधीच सुरू केलेलं औषध. राजमतीच्या घशातल्या नमुन्याची बशी मी शेजारी ठेवली. दोन्हीत तेच ठिपके, तीच झाक, तेच एक वर्तुळ. डॉक्टरांनी दोन्ही पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

"घशाच्या मालकाला औषध पुरतं घ्यायला सांग," एवढंच म्हणाल्या.

रेघ दुसऱ्या दिवशी थांबली. मग उतरायला लागली.

डोळा वाचला. बुबुळावर फूल पडलं, पांढरं, मध्यापासून थोडं बाजूला. त्या डोळ्यानं त्याला धूसर दिसायचं, पण दिसायचं. चिमटा कडीवर पोचायचा, आधीपेक्षा हळू. घरी जायच्या दिवशी मी त्याला थेंब घालायची रीत शिकवली. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. डोळ्यापासून दोन बोटं वर धरायची. एकानं वापरलेली दुसऱ्यानं वापरायची नाही.

"दर बुधवारी दाखवायला या," मी म्हटलं. "आणि समोरच्या घरी सांगा, घसा मिरजेत दाखवायचाय. जवळच घशाचे डॉक्टर बसतात. त्यांचाही वार बुधवार."

घशाचे डॉक्टर रोज बसायचे. सन्मतीनं माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिलं.

पहिल्या बुधवारी मी खिडकीशी होते. अंगणातल्या बाकावर तो बसला होता, मान मागे टाकून, आणि ती समोर उभी. गळ्याला फडकं नव्हतं. एका हातानं तिनं त्याची पापणी खाली ओढली, दुसऱ्या हातात बाटली, दोन बोटं वर, मी शिकवलं तशीच. कुठंही न टेकवता. थेंब पडायला वेळ लागत होता आणि तिला घाई नव्हती. त्यालाही नव्हती. घरी सांगायला दोघांकडे कारण होतं, तिचा घसा आणि त्याचा डोळा, आणि दोन्ही कारणं खरी होती.

थेंब पडला. तिनं विचारलं, "झोंबलं?"

"नाही," तो म्हणाला. "बरं वाटलं."

मी खिडकी ओढून घेतली आणि त्या दिवशीच्या बशा काढून बसले. रेषेबाहेर एक-दोन ठिपके होते. फुल्या मारल्या.

ते पावसाळ्यापर्यंत येत राहिले. मग मला पुण्यात नोकरी लागली आणि पुढचं मला ठाऊक नाही. मिरज सोडताना पोस्टानं एक छोटी डबी आली होती. आत पैंजण, एकही घुंगरू नसलेले, न वाजणारे. ते मी प्रयोगशाळेत घालते. कुणाला ऐकू येत नाहीत.

पुण्यात धूळ फार आहे. स्कूटरवरून जाताना डोळ्यात काही गेलं की काय करायचं, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगते. चोळू नका. फुंकर नको, पदर नको, कुणाची जीभ तर मुळीच नको. स्वच्छ पाणी मारा. मी स्वतःही तेच करते. बाजूला थांबते, पाण्याची बाटली काढते, झाकण उघडते. आणि पाणी मारायच्या आधी थोडा वेळ तशीच उभी राहते, मान मागे टाकून, डोळा उघडा ठेवून.